पहाटे ४ ला उठूनही डोक्यात शिरत नाही: अवघड काम दिवसातल्या कोणत्या तासात घ्यावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पाचोऱ्याहून रोज जळगावला एका डाळमिलमध्ये हिशेबाच्या कामाला जाणाऱ्या ताई विचारतात: सकाळी ८:३० ला घर सोडते, संध्याकाळी ७:३० ला परत येते. मे महिन्यात सीए इंटरचा पहिला ग्रुप द्यायचा आहे. पहाटेचा अभ्यास चांगला म्हणतात म्हणून रात्री ११:३० ला झोपून ४ ला उठते. पण ५ ला वाचलेलं ७ ला आठवत नाही, आणि ऑफिसात जेवणानंतर जीएसटीआर-२बी (विक्रेत्यांनी भरलेल्या माहितीवरून आपोआप बनणारं खरेदीचं जीएसटी विवरण) जुळवायला बसलं की हमखास चुका होतात. दिवाळीच्या सुट्टीत शेवटचे काही दिवस गजर न लावता झोपले, तेव्हा ११:३० ला झोपून ७ ला आपोआप जाग यायची. वडील आठवड्याआड रात्रीच्या लाइटीला केळीला पाणी द्यायला मळ्यात जातात, तेव्हा घरात सगळ्यांचीच झोपमोड होते. माझे चांगले तास कोणते आणि दिवस कसा लावू?

ताई, तुमच्या प्रश्नातली सगळ्यात कामाची माहिती म्हणजे दिवाळीतली ती ७ ची जाग. ११:३० ते ७ म्हणजे साडेसात तास झाले आणि त्या झोपेचा मध्य आला ३:१५ ला. आपल्या शरीराचं तापमान चोवीस तासांत साधारण अर्धा ते एक अंश सेल्सिअस वरखाली होतं. आपोआप जाग येते त्याच्या दोन-तीन तास आधी ते सगळ्यात खाली असतं. तुमच्या बाबतीत ती वेळ म्हणजे पहाटे ४ ते ५. मेंदू अख्ख्या दिवसात ज्या तासाला सर्वांत मंद असतो, नेमक्या त्या तासाला तुम्ही ॲडव्हान्स्ड अकाउंटिंगचं पुस्तक उघडता, आणि तेही साडेचार तासांच्या झोपेवर. वाचलेलं टिकत नाही यात तुमच्या बुद्धीचा किंवा चिकाटीचा काडीचाही दोष नाही.

पहाटेच्या अभ्यासाची परंपरा ज्यावर उभी आहे, तो ब्राह्ममुहूर्त मुळात ४ ला बांधलेला नाहीच. तो सूर्योदयाआधी ९६ मिनिटांनी सुरू होतो आणि ४८ मिनिटं चालतो. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची. पाचोरा, जळगाव, धुळे, नंदुरबार हा सगळा पट्टा त्याच्या सात-आठ अंश पश्चिमेला. एका अंशाला ४ मिनिटं धरली तर आपल्याकडे सूर्य घड्याळाच्या सरासरी अर्धा तास मागे चालतो. जानेवारीत जळगावला सूर्योदय ७ वाजून गेल्यावर होतो, म्हणजे तेव्हा ब्राह्ममुहूर्त साडेपाचच्या सुमाराला लागतो. शिवाय ज्या काळात ही शिस्त बसली तेव्हा दिवेलागणीनंतर तासा-दोन तासांत लोक झोपत होते. ४ ला उठा, पण ८:३० ला झोपून, असा त्याचा सरळ अर्थ. अर्धी शिस्त उचलून चालत नाही.

आता हे तास बनतात कसे ते पाहू. १९८२ साली झोपेचे संशोधक अलेक्झांडर बोर्बेली यांनी मांडलेली मांडणी आजही या विषयाचा पाया आहे. जागेपणी मेंदूत ॲडेनोसीन नावाचं द्रव्य साठत जातं आणि झोपेचा दाब वाढतो. झोपलं की त्याचा निचरा होतो. हा झाला एक हिशेब. दुसरा हिशेब शरीराच्या घड्याळाचा. मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमध्ये सुमारे २०,००० पेशींचा एक पुंजका आहे, तो हे घड्याळ चालवतो. त्याचा स्वतःचा फेरा चोवीस तासांहून साधारण १० मिनिटांनी मोठा असतो, म्हणून रोज सकाळी डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडाने त्याला जुळवून घ्यावं लागतं. सकाळी झोपेचा दाब कमी असतो आणि घड्याळ वर चढत असतं, तेव्हा डोकं चांगलं चालतं. दुपारी दाब बराच साठलेला असतो आणि घड्याळाचा जोर अजून पुरेसा वाढलेला नसतो, तिथे उतार येतो. संध्याकाळी घड्याळ पुन्हा जोर धरतं.

नीट झोपलेल्या, मधल्या स्वभावाच्या (ना पहाटे उठणाऱ्या, ना रात्री जागणाऱ्या) माणसाचा दिवस यातून साधारण असा दिसतो. उठल्यानंतरची पहिली १५ ते ३० मिनिटं गुंगी असते, झोप अपुरी असेल तर ती तासभरही खेचते. उठल्यापासून दीड-दोन तासांनी पहिला चढ लागतो आणि तीनेक तास टिकतो. दुपारी १ ते ३:३० उतार. ५ ते ८ दुसरा, थोडा ठेंगणा चढ. आणि नेहमीच्या झोपेच्या आधीचे दोन-तीन तास शरीर झोपेला चक्क विरोध करतं. हे शेवटचं बहुतेकांना माहीत नसतं. ‘आजपासून ९ ला झोपायचं’ असं ठरवून लोक आडवे होतात आणि ११ पर्यंत कूस बदलत राहतात, त्याचं कारण हेच.

दुपारचा उतार जेवणामुळे येतो असा समज आहे. जेवण टाळलं तरी तो येतो, फक्त जड जेवणाने खोल होतो. कळण्याची एक भाकरी, ठेचा आणि पातळ भाजी खाल्ली तर दीड तासात माणूस सावरतो. तुपात चुरलेली वरण-बट्टी असेल तर ४ वाजेपर्यंत आशा करू नये.

म्हणून सगळ्यात आधी झोप सात तासांवर आणा, वेळापत्रक नंतर. ही पायरी ओलांडून पुढचं काहीही केलं तरी वाया जातं. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका नियंत्रित प्रयोगात निरोगी माणसांना सलग १४ दिवस रात्री ६ तास किंवा त्याहून कमी झोप दिली. शेवटी त्यांची लक्ष देण्याची क्षमता एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्यांइतकी घसरली होती. त्याहून गंभीर भाग पुढेच आहे: ‘झोप येतेय का’ या प्रश्नाला त्यांचं उत्तर पहिल्या काही दिवसांनंतर फारसं बदललं नाही. चुका वाढत होत्या आणि त्यांना वाटत होतं, आता सवय झाली. तुम्ही साडेचार तासांवर आहात.

तुम्हाला सकाळी ८:३० ला निघायचंय, त्यामुळे ७ ची जाग परवडणार नाही. १०:३० ला झोप आणि ५:३० ला जाग हे गाठण्यासारखं आहे, पण ते एका रात्रीत होत नाही. पहिले चार-पाच दिवस गजर ६:३० वर ठेवा आणि पहाटेचा अभ्यास पूर्ण बंद करा. हे दिवस थकबाकी फेडायचे. त्यानंतर दर तीन दिवसांनी झोप आणि जाग दोन्ही १५ मिनिटं अलीकडे ओढा. ६:३० वरून ५:३० म्हणजे चार टप्पे, बारा दिवस. रविवारीही तासाभरापेक्षा जास्त फरक पडू देऊ नका, नाहीतर आठवडाभर सरकवलेलं घड्याळ एका सकाळी परत मागे जातं.

घड्याळ सरकतं ते उजेडाने. ट्यूबलाइटच्या खोलीत १०० ते ३०० लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो. सकाळी गच्चीवर सावलीत बसलं तरी काही हजार लक्स मिळतात. उजाडल्यावर २० ते ३० मिनिटं बाहेर काढा. चहा तिथेच घ्या, तुळशीला पाणी तिथेच घाला, सूर्याकडे पाहायची गरज नाही. हिवाळ्यात ५:३० ला अंधार असतो, तेव्हा स्टेशनपर्यंतचं चालणं आणि प्लॅटफॉर्मवर शेडच्या बाहेर उभं राहणं हा तुमचा उजेडाचा वाटा. रात्री ९ नंतर उलटं करा: मोठी ट्यूब बंद, एकच पिवळा दिवा, मोबाइलचा उजेड अगदी खाली.

झोप रुळावर आली की दहा दिवस मोजणी करा. ‘मला सकाळी फ्रेश वाटतं’ यावर विसंबू नका, कारण वाटणं आणि प्रत्यक्ष काम यांत फरक असतो हे वर आलंच. तुमच्या हातात मोजणीचं उत्तम साधन आहे. जुन्या महिन्यांच्या खरेदी रजिस्टरमधून २५-२५ बिलांचे २० संच काढा. प्रत्येक ओळीत १५ अक्षरी जीएसटीआयएन (व्यापाऱ्याचा जीएसटी नोंदणी क्रमांक), बिल नंबर, तारीख, करपात्र रक्कम आणि कर. शेजारच्या सहकाऱ्याला सांगून प्रत्येक संचात ५ चुका पेरून घ्या: कुठे जीएसटीआयएनमध्ये एक अंक फिरवलेला, कुठे ४,५६० चे ४,६५०. कोणत्या ओळीत काय बदललं त्याची यादी त्यांच्याकडेच राहू द्या. रोज दोन वेगवेगळ्या वेळी एकेक संच तपासा. आज ६:४५ आणि दुपारी २:३०, उद्या १०:३० आणि ५:३०, परवा ६:४५ आणि रात्री ९, असं फिरवत राहा. वहीत पाच रकाने पुरतात: वेळ, आदल्या रात्रीची झोप, किती मिनिटं लागली, ५ पैकी किती चुका सापडल्या, आणि झोप किती वाटत होती ते १ ते ९ मध्ये (१ म्हणजे टक्क जागं, ९ म्हणजे झोप आवरत नाही).

यात फसगत होण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. पहिले चार संच सरावाचे समजून सोडून द्या, कारण वेग सरावानेही वाढतो आणि त्याचं श्रेय भलत्याच तासाला जातं. चहाचा परिणाम जाणवायला अर्धा तास लागतो, म्हणून एकदा चहानंतर आणि एकदा चहाआधी असं करू नका, एकच पद्धत ठेवा. सर्दी-ताप, उपास, पाहुणे, आदल्या रात्री लग्नाची वरात, असा दिवस असेल तर त्या ओळीवर काट मारा. आणि वेगाला भुलू नका. रात्री ९ ला संच ६ मिनिटांत झाला आणि ५ पैकी ३ चुका सापडल्या, ६:४५ ला ८ मिनिटं लागली आणि पाचही सापडल्या, तर चांगला तास ६:४५ चाच.

तुमच्या जागेच्या वेळेवरून अंदाज असा, की ५:३० ची जाग बसल्यावर पहिला चढ ७ ते १०:३० मध्ये येईल आणि दुसरा ५ ते ७:३०. आता खरी अडचण दिसते. पहिल्या चढातला मोठा भाग अंघोळ, डबा आणि गाडीत जातो. इथे एकच बदल करा आणि त्याचा फरक तुम्हाला आठवड्यात जाणवेल: घरकामं आधी, अभ्यास नंतर. बहुतेक जण उठल्या उठल्या पुस्तक घेतात, कारण घर शांत असतं, आणि मग घाईत आवरतात. पण उठल्यानंतरचा गुंगीचा पाऊण तास कणीक मळायला, डबा भरायला, अंघोळीला पुरेसा असतो. ते सगळं ५:३० ते ६:३० मध्ये उरका. ६:३० ते ८:१५ पुस्तक. दप्तर भरलेलं, चप्पल दाराशी. एवढ्या फेरफाराने अभ्यासाची वेळ जवळपास एक तास पुढे सरकते, आणि त्या एका तासात गुंगी आणि चढ यांच्यातला सगळा फरक आहे.

त्या पावणेदोन तासांत काय घ्यायचं हे आदल्या रात्री ठरलेलं हवं. नुसतं ‘अकाउंट्स’ असं नको, ‘अमॅल्गमेशनचा (कंपन्यांच्या विलीनीकरणाचा) अमुक प्रश्न, कार्यटिपणांसह पूर्ण’ असं. कागद, कॅल्क्युलेटर, प्रश्न उघडलेल्या पानावर टेबलावर ठेवून झोपा. सकाळी ‘आज काय करू’ यात जी १५ मिनिटं जातात, ती तुमच्या दिवसातली सगळ्यात महाग १५ मिनिटं असतात. फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला. उताणा किंवा पालथा, टेबलावर नकोच.

९० मिनिटांचं चक्र हा हल्ली मंत्रच होऊन बसला आहे. झोपेत असं चक्र असतं हे पक्कं आहे. जागेपणीच्या एकाग्रतेतही तेच चक्र चालतं याला पुरावा फार कच्चा आहे. तुमचा टप्पा तुमच्या चुकांवरून ठरवा. पाऊण तासाने बेरजा चुकू लागल्या तर ५ मिनिटं उठा, पाणी प्या, परत बसा. मात्र दिवसात खरोखर अवघड काम एकूण साडेतीन-चार तासांच्या वर जाईल अशी आखणी करू नका. पहिल्या दिवशी जमतं, तिसऱ्या दिवशी कोलमडतं.

ऑफिसातली कामं तीन गठ्ठ्यांत वाटा. पहिला गठ्ठा, जिथे चूक महाग पडते आणि एकाच वेळी बऱ्याच गोष्टी डोक्यात धराव्या लागतात: २बी आणि खरेदी रजिस्टर जुळवणं, साठ्याचा ताळा (तूर आत किती आली, डाळ, चुनी आणि भुसा मिळून बाहेर किती, उतारा बसतो का), नोटिशीला उत्तर. दुसरा, जिथे लक्ष लागतं पण विचार कमी: व्हाउचर टाकणं, बँकेचा हिशेब जुळवणं, वजनकाट्याच्या पावत्या लावणं. तिसरा फोन, फायली, वसुलीच्या आठवणी. पहिला गठ्ठा १०:१५ ते १२ आणि शिल्लक राहिला तर ५ ते ६. दुसरा १२ ते जेवण आणि ३:३० नंतर. तिसरा थेट १:३० ते ३:३० च्या उतारात. बोलताना, उभं राहून करताना झोप तशीही लांब राहते. जेवणानंतर २बी घेऊन बसणं, जे तुम्ही आज करता, ते सरळ बंद.

महिनाही यात बसवा. टीडीएसचा भरणा ७ तारखेला, जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र) ११ ला, २बी १४ ला येतं, ३बी (कर भरायचं विवरणपत्र) २० ला. म्हणजे १५, १६, १७ या तीन सकाळी ऑफिसातला १०:१५ चा तास २बीसाठी राखून ठेवा आणि मालकांना तसं आधीच सांगा. ‘बारापर्यंत मला फोन देऊ नका, बारानंतर सगळे घेते’ हे वाक्य महिन्यात तीन दिवस कोणताही मालक ऐकतो, रोज ऐकणार नाही. मध्येच उठावंच लागलं तर उठण्याआधी कागदावर एक ओळ लिहा: ‘ओळ १४२ पर्यंत झालं, या व्यापाऱ्याच्या दोन बिलांत फरक, पुढे क्रेडिट नोट पाहायची.’ अर्धवट सोडलेलं काम डोक्यात रेंगाळतं आणि पुढच्या कामातलं लक्ष खातं, हे २००९ मध्ये संशोधक सोफी लेरॉय यांनी दाखवलं. ती एक ओळ लिहिली की परत बसताना मागचं सगळं पुन्हा वाचावं लागत नाही.

दुपारी जेवणानंतर जागा असेल तर डुलकी जरूर घ्या, पण गजर २० मिनिटांचा, आणि ३ च्या आत. अर्ध्या-पाऊण तासाच्या झोपेतून उठलं की गुंगी घेऊन उठतो आणि रात्रीची झोपही पातळ होते. टेबलावर डोकं टेकवलं तरी चालतं, डोळ्यांवर ओढणी घ्या.

चहाबद्दल. कॅफिन थकवा कमी करत नाही, ॲडेनोसीनची जागा अडवून तो जाणवू देत नाही. त्याचा अर्धा भाग शरीरातून जायला सरासरी पाच तास लागतात, काहींना सात-आठ. १०:३० ला झोपायचं तर शेवटचा कप ४ च्या आधी. ऑफिसातून निघताना ६:३० ला जो कटिंग होतो, तो तुमच्या झोपेच्या पहिल्या, सगळ्यात गाढ टप्प्याला नडतो. सकाळी उठल्यावर दीड तास चहा घेऊ नये, असं हल्ली सांगतात. त्याला भक्कम आधार नाही, हवा असेल तेव्हा घ्या.

गाडीतला वेळ अवघड कामासाठी नाही. उभं राहून, गर्दीत, ॲडव्हान्स्ड अकाउंटिंग होत नाही, पण कंपनी कायद्याची कलमं, टॅक्सच्या मर्यादा असं पाठ करायचं असेल तर हाताच्या तळव्याएवढ्या कार्डांवर लिहून नेता येतं. वाचत बसू नका, कार्ड झाकून स्वतःला विचारा. संध्याकाळी दुसऱ्या चढाचा बराचसा भाग प्रवासातच जातो, त्यामुळे ८:३० ते ९:३० फक्त उजळणी आणि वस्तुनिष्ठ प्रश्न. झोपेआधी उजळलेलं झोपेत पक्कं होतं, म्हणून हा तास हलका असला तरी वाया जाणारा नाही. नवीन प्रकरण मात्र रात्री उघडू नका. रविवारी दोन बैठका, सकाळी ७ ते ९:३० आणि संध्याकाळी ५ ते ६:३०. आठवड्याचं गणित केलं तर अवघड अभ्यास साडेचौदा तासांच्या आसपास बसतो. नोकरीसह एका ग्रुपला हे पुरतं, दोन्ही ग्रुपला नाही. एकच ग्रुप घ्यायचा तुमचा निर्णय बरोबर आहे.

वडिलांच्या रात्रीच्या लाइटीचा आठवडा वेगळा धरा. त्या आठवड्यात जाग मोडणारच, तर निदान एक टोक घट्ट ठेवा: उठायची वेळ तीच, ५:३०. झोप तुटली असेल त्या दिवशी सकाळच्या बैठकीत नवीन विषय न घेता आधी सोडवलेला प्रश्न पुन्हा सोडवा आणि दुपारची डुलकी चुकवू नका. वडिलांसाठीही दोन गोष्टी सांगते, कारण त्यांचा धोका तुमच्यापेक्षा मोठा आहे. १७ तास सलग जागं असलेल्या माणसाची प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी मंद होते. पहाटे ३ ते ५ मध्ये त्यात शरीराच्या घड्याळाचा तळ मिसळतो. त्या वेळात स्टार्टर उघडून दुरुस्ती, मोटारसायकलवरून हायवे ओलांडणं, या गोष्टी शक्य तितक्या टाळाव्यात. मळ्यात जाण्याआधी संध्याकाळी दीड तास झोपून घेतलं तर रात्र बरीच सुरक्षित जाते. फवारणीचं औषध मोजायचं काम सकाळी परत आल्यावर लगेच करू नये, झोपून उठल्यावर करावं. भुसावळला रेल्वेत किंवा दीपनगरच्या वीजकेंद्रात पाळीत काम करणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

मार्च संपला की हे सगळं वेळापत्रक पुन्हा तपासावं लागेल. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मेमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो आणि रात्री १२ पर्यंत स्लॅब तापलेला असतो. झोप लागण्यासाठी शरीराचं आतलं तापमान उतरावं लागतं, तापलेल्या खोलीत ते उतरत नाही, आणि मग १०:३० ची झोप १२:३० वर जाते. उपाय असे. गच्चीवर संध्याकाळी ७ ला पाणी मारा, ऐन झोपताना नको, तेव्हा नुसती वाफ वर येते. झोपेच्या तासभर आधी साध्या पाण्याने अंघोळ करा. कूलर लावत असाल तर समोरची खिडकी वीतभर उघडी ठेवा. बंद खोलीत ओल साठते आणि कूलर गार करायचाच थांबतो. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर फार छान चालतो, पण जूनमध्ये ढग आले की त्याचा उपयोग संपतो, तिथून पंखाच बरा. गच्चीवर झोपत असाल तर मेमध्ये सव्वापाचलाच उजाडायला लागतं आणि जाग येते, हे धरून झोपायची वेळ १०:१५ करा. दुपारचा उतारही उन्हाळ्यात लांबतो, १२ ते ४ धरून चाला. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के पाणी घटलं तरी लक्ष ढळतं. ५५ किलोच्या व्यक्तीला हे जेमतेम १.१ लिटर होतं, आणि तेवढं पाणी स्टेशन ते एमआयडीसी या उन्हातल्या प्रवासात आणि ऑफिसातल्या काही तासांत जाऊ शकतं. बाटली जवळ ठेवून तासाला एक पेला, तहान लागायची वाट न पाहता.

शेवटी एक गोष्ट, जी इंटर देणारे बहुतेक विसरतात. तुमचा पेपर दुपारी २ ते ५ असतो, १:४५ पासून प्रश्नपत्रिका वाचायला मिळते. म्हणजे वर्षभर सकाळच्या चढात तयारी करायची आणि परीक्षा द्यायची ती नेमकी उतारात, तीही खान्देशातल्या मेमध्ये. शरीराचं घड्याळ परीक्षेसाठी उलटं फिरवायचा प्रयत्न करू नका, त्याचा तोटाच जास्त. उतारात काम करायचा सराव मात्र करता येतो. परीक्षेआधीच्या सहा रविवारी संध्याकाळची बैठक रद्द करून २ ते ५ पूर्ण पेपर घड्याळ लावून सोडवा, पंख्याखाली, कूलर न लावता. पहिल्या दोन रविवारी साधारण ३ च्या सुमाराला अक्षर बिघडेल, आकडे एका ओळीतून दुसऱ्या ओळीत उतरवताना चुकतील. कुठे आणि किती वाजता चुकलं ते उत्तरपत्रिकेच्या कडेला लिहून ठेवा. त्यावरून प्रश्न सोडवायचा क्रम ठरवा: मोठा ताळेबंदाचा प्रश्न २ ते २:४५ मध्ये, ३ च्या आसपास ज्यात तुमचा हात बसलाय असा प्रश्न, वस्तुनिष्ठ प्रश्नांचा दुसरा फेरा ४ नंतर.

परीक्षेच्या दिवशी जाग ५:३० चीच ठेवा, सकाळी दीड तास हलकी उजळणी करा. ११:३० ला जेवण, नेहमीच्या निम्मं: भाकरी, मुगाची पातळ आमटी, ताक. तळलेलं आणि गोड संध्याकाळी. १२ ते १२:२० डोळे मिटून पडा, गजर लावून. १ वाजता नेहमीचा कप चहा, त्याचा जोर पेपर हातात येईपर्यंत चढलेला असतो, आणि रात्री १०:३० पर्यंत बराचसा उतरलेलाही असतो. दोन पेपरांच्या मधल्या दिवशी ‘आज रात्रभर बसते’ हा मोह आवरा. पुढच्या पेपराला त्या रात्रीतून जितके गुण येतील, त्याहून जास्त ३ वाजताच्या आकड्यांत जातील.

आता लगेच करायचं ते एवढंच: आज रात्री गजर ६:३० वर लावा आणि उद्या सहकाऱ्याला बिलांचे २० संच काढून द्या. दहा दिवसांच्या मोजणीची वही तयार झाली की त्यातले रकाने कळवा. ६:४५ आणि १०:३० मध्ये फरक तीन मिनिटांपेक्षा जास्त निघाला, तर सकाळची बैठक आणखी अर्धा तास पुढे कशी ढकलता येईल ते त्या आकड्यांवरून ठरवू.